तां तुझांच आयकता

"टरनाप," मामा म्हणाला. दिवा विझला नाही. तो परत म्हणाला, या वेळी जरा मोठ्याने, "टर-नाप." व्हाळाचं पाणी दगडांवरून खळाळत होतं आणि नुकतीच बुरबुर सुरू झाली होती. त्याच्या कपाळावर बांधलेल्या दिव्याच्या पांढऱ्या झोतात पावसाचे थेंब असे काही उजळून निघाले होते, की त्याच्या तोंडापुढे कोणी मच्छरदाणी टांगलीय असं वाटावं. त्याला ती मच्छरदाणी घालवायची होती. तिसऱ्यांदा तो ओरडलाच. काठावरचे बेडूक गप्प झाले. मी त्याच्या मागे पाचेक हातांवर गुडघाभर पाण्यात बालदी धरून उभा होतो. बोलायचं काही ठरवलं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं, "टर्न ऑफ." दिवा पटकन विझला. काळोख झाला. दोन-तीन क्षणांनी मला वाटलं, मामाचा तोल जाईल, म्हणून मी घाईने म्हणालो, "टर्न ऑन." लागला. मामा वळला आणि सगळा झोत माझ्या डोळ्यांत आला. मी हात आडवा धरला. त्या उजेडामागे त्याचा चेहरा कसा झाला होता ते मला दिसलं नाही. त्याने पट्टा कपाळावरून ओढून काढला, दिवा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तां तुझांच आयकता. तूच घाल."

एवढंच झालं. वाईट बोलला नाही, रागावलाही नाही. घरी आल्यावर मामीला हसत हसत सांगितलं, "इंग्लिशात मी आठवीत पण नापासच हुतंय." मामी हसली, मीही हसलो. डोंबिवलीला परत येऊन आता तीन आठवडे होतील. ऑफिसात कोणी फोनला किंवा स्पीकरला काही हुकूम सोडला, की मला तो झोत डोळ्यांत घेतल्यासारखं होतं आणि मागचा न दिसलेला चेहरा शोधावासा वाटतो.

दिवा मीच नेला होता. मामाच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरलाय. एकाहत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यभर कोयती आणि नांगर धरलेला हात, तो आता कुठेतरी कुरकुरणारच. त्याच्याकडे अजून ती स्टीलची, तीन सेलांची लांब बॅटरी आहे, पुढे ढकलायच्या बटणाची. ते बटण गंजून इतकं घट्ट झालंय, की माझाही अंगठा दुखतो. मागच्या वर्षी ते ढकलताना बॅटरी हातातून निसटली आणि व्हाळात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडीत सापडली. मामीने हे मला फोनवर अशा सुरात सांगितलं, की जणू बॅटरीऐवजी मामाच पडला होता. मग मी मोबाइलवर शोधायला बसलो आणि हा दिवा मिळाला. कपाळाला बांधायचा, वजनाने हलका, चार्जिंगचा आणि बोलून लागणारा-विझणारा. हाताचं कामच नाही! मला वाटलं, अरे, हा तर मामासाठीच बनवलाय. खोक्यावर एक दाढीवाला गोरा माणूस होता, पानाफुलांच्या नक्षीचा शिकारी कोट घातलेला, मागे काळंभोर जंगल. त्याच्या दोन्ही हातांत काहीतरी होतं आणि तो दिव्याशी बोलत होता, असं समजायचं.

अमेरिकेत रात्री कुत्रे घेऊन रॅकूनच्या शिकारीला जायची जुनी रीत आहे. ही शिकार निम्मी कानांनी चालते. कुत्रे अंधारात पुढे पळतात आणि शिकारी मागे थांबून त्यांचं भुंकणं ऐकत राहतो. रॅकून झाडावर चढला, की कुत्र्यांचा आवाज बदलतो, मग माणसं तिथे जातात आणि दिवे लावून फांद्या धुंडाळतात. तिथे तोपर्यंत एवढा कल्लोळ झालेला असतो, की माणूस दिव्याशी बोलला काय आणि न बोलला काय! खोक्यावरच्या दाढीवाल्याचं त्यामुळे बरोबरच होतं. (हरणाच्या डोळ्यांवर रात्री झोत मारून त्याला जागच्या जागी थिजवून गोळी घालणं मात्र तिकडच्या बहुतेक राज्यांत गुन्हा आहे. आपल्याकडे तर १९७२च्या कायद्यानंतर रानातल्या शिकारीचा विषयच संपला. निदान कागदावर.) चूक माझी होती. मी तो दिवा कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, व्हाळात नेला.

कुर्ली पकडण्याला कोणी शिकार म्हणत नाही. 'कुर्ल्यांक जातंव' एवढंच म्हणतात, बाजारात जातो म्हणावं तसं. पण मला लहानपणी ती शिकारच वाटायची. मे महिन्याची सुट्टी संपत आलेली असायची, आगोटीची कामं उरकलेली, आई मुंबईला निघायची घाई करत असायची आणि मी मनातल्या मनात मिरगाच्या आधी एक तरी जोराचा पाऊस पडू दे म्हणून देव पाण्यात घालून बसायचो. पाऊस पडला आणि व्हाळाला पहिलं लाल पाणी आलं, की बिळांतून कुर्ल्या बाहेर. दोन-तीन रात्रींचा खेळ असतो. अवसेच्या बाजूची रात्र असेल तर उत्तमच, कारण पुनवेची कुर्ली पोकळ असते असं मामा सांगतो. तो सांगतो म्हणून मीही सगळ्यांना सांगतो.

तेव्हा आजोबा होते. आजोबांच्या वेळी चूड. सुकलेली चुडतं घट्ट वळून बांधायची, टोक पेटवायचं आणि हात सतत हलता ठेवायचा. हलवली की भडका, थांबवली की नुसता निखारा. म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सोय त्या चुडीतही होतीच, फक्त ती मनगटात होती. तिचा वास मला अजून आठवतो, करपलेल्या नारळाचा, आणि पाण्यात पडणाऱ्या ठिणग्यांचा चुर्र आवाज. मग गॅसबत्ती आली. ती दोघांचं काम. एकाने ती नाकापुढे धरून चालायचं आणि दुसऱ्याने पकडायचं. गॅसबत्तीचा सू-सू आवाज सगळ्या मळ्यात ऐकू जायचा आणि चालताना ठेच लागली, की मेंटल राख होऊन खाली पडायचं. मेंटल पडलं की आजोबा जी एक शिवी द्यायचे, तेवढाच काय तो त्या रात्रीचा संवाद. त्यानंतर तीन सेलांची बॅटरी आली आणि तेव्हापासून मामा एकटा जाऊ लागला. एकटा म्हणजे मागे मी, बालदीवाला.

व्हाळात बोलायचं नाही, हा पहिला नियम.

हा नियम कुर्लीसाठी होता की आणखी कशासाठी, हे मला नीटसं कधी कळलं नाही. खळाळत्या पाण्यात माणसाचं बोलणं कुर्लीला कितपत समजणार? पाय वाजला तर मात्र कळतं, दगड सरकला तर कळतं. पण मामी सांगायची ती कारणं निराळी. रात्री कोणाला नावाने हाक मारायची नाही. आपल्याला हाक आली तर तिसरी हाक येईपर्यंत ओ द्यायची नाही. साप दिसला तर 'जनावर' म्हणायचं. पलीकडच्या काठावर उजेड हलताना दिसला तर कोणाचा म्हणून विचारायचं नाही. शेजारचा कोणी कुर्ल्यांना आलेला असेल, नाहीतर सीमेवरचा देवचार चूड घेऊन फिरत असेल. दोघांनाही आपल्या चौकशीची गरज नाही. मी डोंबिवलीत वाढलेला, विज्ञानाचा विद्यार्थी वगैरे. पण व्हाळात उतरलो, की माझं विज्ञान चपलांबरोबर काठावर राहायचं.

मग बोलणं कशाने? बॅटरीने. झोत पाण्यावर एकदा गोल फिरला म्हणजे 'इथे थांब'. झोत मागे माझ्या पायाशी आला म्हणजे 'बालदी आण'. झोत एका जागी खिळला आणि मामाचा डावा हात कमरेमागे गेला, की श्वाससुद्धा हळू घ्यायचा. एकदा, मी दहा-अकरा वर्षांचा असेन, पलीकडच्या काठावर करवंदीच्या जाळीत दोन डोळे चमकले, हिरवट पिवळे, जमिनीपासून बरेच वर. बैलाचे डोळे मी पाहिले होते, मांजराचे पाहिले होते. हे तसे नव्हते. मामाने झोत त्या डोळ्यांवर ठेवला नाही आणि बॅटरी विझवलीही नाही. हळूच खाली आणून ती आपल्याच पायांवर धरली आणि घसा खाकरला, घरात वडीलधारे आत येताना खाकरतात तसा. मग बराच वेळ आम्ही आमचे स्वतःचे पाय बघत उभे होतो. पाणी माझ्या घोट्यांभोवती गोल गोल फिरत होतं आणि त्यात एक फणसाचं पिवळं पान अडकलं होतं. मामाने झोत परत वर नेला तेव्हा जाळी रिकामी होती. घरी त्याने हे कोणाला सांगितलं नाही, म्हणून मीही नाही सांगितलं.

आता त्या रात्रीकडे येतो. दिवा आणल्याचा सोहळा आधी पडवीत झाला होता. "ह्यां काय हाडलंस?" मामाने खोकं उलटसुलट केलं. दाढीवाल्याकडे बघून म्हणाला, "ह्यो कोण, मुकादम?" मी पट्टा त्याच्या डोक्याला बसवून दिला. "कपाळाक बत्ती बांधून काय खाणीत उतरूचा आसा?" पण लहान मुलाने नवी टोपी घालून आरशात बघावं तसं त्याने खिडकीच्या काचेत बघितलं, हेही खरं. मी म्हणालो, आता बोल, टर्न ऑन. "तेका मराठी येणा नाय?" नाही. "मगे मालवणी खंय येतली!" त्याने तीन-चारदा प्रयत्न केला. एकदा लागला, दोनदा नाही. मी म्हणालो, होईल सवय. त्या दिव्यात ठरलेले हुकूम भरलेले असतात; आतली चिप आवाज येत असेल तेवढा वेळ त्या दोन-चार नमुन्यांशी ताडून बघत राहते. जुळलं तर काम करते, नाही जुळलं तर ढिम्म. तिला इंग्रजीही येत नाही खरं तर, तिला फक्त एका विशिष्ट घशातून निघालेलं 'टर्न ऑफ' येतं. तो घसा माझ्या घशाच्या जवळपासचा निघाला. दिवसाचे सहा-सहा तास हेडफोन लावून कोणाकोणाला ऐकू जाईल असं इंग्रजी बोलायची सवय. दिवा माझ्या आवाजाला दुसऱ्या घरच्या कुत्र्याने शेपूट हलवावी तसा वळत होता. पडवीत मला याचा आनंद झाला होता.

व्हाळात उतरल्यावर पहिली दहा मिनिटं मामा खूश होता. मग मला दिसायला लागलं, की काहीतरी बिनसतंय. कुर्ली पकडायची म्हणजे आधी तिला उजेडात धरायची. झोत पडला, की ती डेंगे वर करून जागीच थबकते, देठांवरचे डोळे उभे. तो झोत जराही हलवायचा नाही. दुसरा हात उजेडाच्या बाहेरून, वळसा घेऊन, मागून येतो आणि पाठीवर अंगठा व बोट बसतं. म्हणजे एका हाताने उजेड तिथेच रोवून ठेवायचा आणि आपण मात्र पाय कुठे ठेवायचा, हात कुठून न्यायचा ते बघायचं. कपाळावरच्या दिव्याला हे जमत नाही. तो नजरेला बांधलेला. मामा पायाखालचा दगड बघायला खाली वाकला, की उजेडही खाली आला. तिकडे कुर्ली मोकळी. दोन गेल्या. तिसरी गेली तेव्हा त्याने जीभ टाळूला लावून 'च्' केलं.

दुसरी गोष्ट माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी आली. मामा बॅटरी नेहमी खाली, मांडीच्या बाजूला, जवळजवळ आडवी धरतो. मला वाटायचं, दमतो म्हणून. पण उजेड असा बाजूने, खालून पडला, की प्रत्येक दगडाला सावली येते, बिळाच्या तोंडाशी काळी कडा दिसते, पाण्याखालचा खड्डा कळतो. डोळ्यांच्याच रेषेतून निघणाऱ्या उजेडात सावल्या वस्तूंच्या मागे लपतात. सगळं लख्ख दिसतं आणि सगळं सपाट दिसतं. पाऊस आला की तर बोलायलाच नको, थेंबांवरून परतलेला उजेड थेट डोळ्यांत. निळा एलईडी बनवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ मध्ये नोबेल मिळालं, कारण निळ्याशिवाय हा पांढरा उजेड जमत नव्हता. त्या उजेडाने माझ्या मामाच्या गावातली पोरं अभ्यास करतात, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्या रात्री व्हाळात तो नको इतका पांढरा होता.

त्याचा एक फायदा मात्र सांगायला हवा, नाहीतर दिव्यावर अन्याय होईल. मामाने दिवा माझ्याकडे दिल्यावर मी तो मुकाट्याने कपाळाला बांधला आणि बांधाकडे बघितलं तर सगळं गवत लुकलुकत होतं. हिऱ्याची कणी पडावी तसे बारीक निळसर-हिरवे ठिपके, शेकड्यांनी. वाटलं दव आहे. जवळ गेलो तर एक ठिपका चालायला लागला. कोळी! जमिनीवर फिरून शिकार करणाऱ्या कोळ्यांच्या डोळ्यांना मांजरासारखा आतून आरसा असतो, आणि तो उजेड जिथून आला तिथेच परत धाडतो. बॅटरी कमरेशी असेल तर तो कमरेकडे जातो, आपल्याला दिसत नाही; दिवा डोळ्यांशेजारी असेल तरच हा बाजार दिसतो. चाळीस वर्षं मी त्या बांधावरून रात्रीचा गेलो असेन आणि तिथे इतके डोळे आहेत हे मला ठाऊक नव्हतं. मामाला दाखवावं म्हणून मी वळलो, पण त्याच्या कपाळावर दिवा नव्हता, त्याला ते दिसलंच नसतं. पट्टा काढून त्याला द्यायला हवा होता. नाही दिला. परत तेच नाटक नको म्हणून की काय, मी नुसताच "कोळी" म्हणालो. "हां," मामा म्हणाला.

आणि मी मागे, दिवा माझ्या कपाळावर, म्हणजे मामाची सावली नेमकी त्याच्या पुढ्यात पडायची. भलीमोठी, काठावरच्या माडापर्यंत. दोनदा त्याने हाताने मला बाजूला हो म्हटलं. मग वैतागून आम्ही परतलो. बालदीत पाच कुर्ल्या. पत्र्यावर त्यांची खरखर वाटभर ऐकू येत होती, आणि एरवी जिचा आवाज ऐकला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ती खरखर त्या रात्री मला कसलीतरी तक्रार वाटली. पाच कुर्ल्यांत सहा माणसांचं काय होणार? पण मामीने बारीक पाय पाट्यावर ठेचले, त्यांचं पाणी गाळून रश्शात घातलं आणि भाकऱ्या जरा जास्त केल्या.

जेवताना विषय निघाला तो समुद्राचा. मामीचं माहेर मालवणच्या बाजूचं, तिचा भाऊ रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या लांब जाळ्यावर. एलईडीच्या दिव्यांनी मासेमारी करायला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, पण रापणकारांची ओरड काही थांबलेली नाही. पाण्यावर आणि पाण्याखाली दिवे सोडायचे, माशांचे थवेच्या थवे उजेडाकडे खेचले जातात, मग भोवती जाळं आवळायचं. मामी म्हणाली, रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं तर क्षितिजावर गाव वसल्यासारखा उजाळा दिसतो. तिच्या भावाचं म्हणणं, पूर्वी मासळी कुठे आहे ते पाण्याचा रंग आणि पाखरं बघून ओळखावं लागे. आता ओळखायचं काही राहिलंच नाही, बटण दाबायचं. मामा इतका वेळ गप्प होता. डेंगा दाताखाली फोडत म्हणाला, "बटान तरी दाबतत. हय बोलूचा लागता." मामी इतकी हसली, की तिला ठसका लागला.

मीही हसलो, पण माडीवर जाऊन पडल्यावर झोप येईना. पलीकडे गोव्यात पावसाळ्यात बत्त्या घेऊन मोठे पिवळे बेडूक पकडायला माणसं जातात, बंदी असली तरी. वनखातं दरवर्षी सांगत फिरतं. भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलेले लोक मोबाइलचे झोत काजव्यांवरच मारतात. या सगळ्यांच्या तुलनेत मी काय केलं? म्हाताऱ्या मामाला एक दिवा दिला. त्याचा हात दुखू नये म्हणून दिला. तरी मला सारखं दिसत होतं ते असं: तो काळोखात उभा आहे, त्याच्या कपाळावर दिवा आहे, आणि तो दिवा माझ्या तोंडून लागतोय, माझ्या तोंडून विझतोय. ज्या व्हाळात आयुष्यभर तो खाकरण्यापलीकडे बोलला नाही, तिथे मी त्याला ओरडायला लावलं, तेही ज्या भाषेने त्याला आठवीत शाळेबाहेर काढलं तिच्यात. आणि ओरडूनही त्याचं कोणी ऐकलं नाही. बेडकांनी तेवढं ऐकलं.

भेटवस्तू देणाऱ्याला वाटतं, आपण समोरच्याचा विचार केला. मी अंगठ्याचा विचार केला होता.

दुसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर मामा पडवीत सुपारी कातरत बसला होता. मी खुंटीवरची जुनी बॅटरी काढली, सेल काढून बघितले, टोकांवरचा हिरवा गंज सांडशीने खरवडला, बटणाच्या खाचेत खोबरेल सोडलं आणि ते पुढे-मागे करत बसलो. मामा बघत होता. काही बोलला नाही. थोड्या वेळाने उठला, गोणपाटाची खोळ डोक्यावर घेतली आणि पायऱ्या उतरून पाणंदीला लागला. मी बालदी आणि बॅटरी घेऊन मागे. पुढे जाऊन तो थांबला, मला जवळ येऊ दिलं आणि माझं मनगट धरून खाली, मांडीपर्यंत आणलं. तिथे ते जरा तिरकं केलं. मग सोडलं.

मला जमलं असं नाही. पहिल्यांदा मी उजेड कुर्लीवर धरला आणि मामाचा हात कुठे गेला ते बघायच्या नादात बॅटरीही तिकडेच नेली. गेली ती. "मेल्या," मामा पुटपुटला. दुसऱ्या वेळी माझ्या पायाखालचा दगड डुगडुगला. त्यानंतर मात्र काहीतरी लागायला लागलं. मामाची मान किंचित डावीकडे झाली, की मी झोत डावीकडच्या मुळांवर न्यायचा. त्याचा खांदा खाली आला, की आपण गोठून जायचं. बराच वेळ बॅटरी बंद ठेवून चाललो, तेव्हा हळूहळू डोळे सरावले. म्हणतात, त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एक झगझगीत झोत सगळं परत पुसून टाकतो. मेघांतून कुठून झिरपत होता कोण जाणे, पण पाण्याला एक राखाडी उजाळा होता. मामाची खोळ दिसत होती. काठावरची केवणीची झुडपं दिसत होती. बेडूक आम्ही जवळ गेलो की थांबायचे, पुढे गेलो की मागे सुरू व्हायचे.

कोंडीच्या वर, जिथे व्हाळ वळतो, तिथे एक मोठी मिळाली. मामाने उचलली, तिचं वजन बघून मान डोलावली आणि मग ती उलटी केली. बोटाने मला जवळ बोलावलं. मी झोत तिच्या पोटावर, बाजूने धरला. त्याने दुखऱ्याच अंगठ्याने पोटाची झडप अलगद उचलली. आत पिल्लं होती, मोहरीपेक्षा थोडी मोठी, पाण्याच्या रंगाची, एकमेकांवर चढलेली, सगळी एकदम हलत होती. प्रत्येकाला डेंगे होते. व्हाळातल्या कुर्लीची पिल्लं आईच्या पोटाखाली तयार कुर्ल्या होऊनच बाहेर पडतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं असं तळहातावर कोणी धरलं नव्हतं. मामाने झडप मिटली, वाकून तिला पाण्यात सोडलं, दगडाच्या मागच्या बाजूला, आणि हाताचा पंजा दोनदा खाली केला.

मी बटण मागे ओढलं. खोबरेल घातलं होतं तरी जोर लावावा लागला. सगळं काळं झालं. मामा पुढे चालू लागलाय, हे पाण्याच्या आवाजावरून कळलं.